रानडुकरांची कॅसेट

नकली माल ओळखण्यात माझी उमर गेली असं मी म्हणालो की घरचे हसतात. भाजीबाजारात कुणीही मला शिळी मेथी ताजी म्हणून देऊ शकतं, हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत नागपुरात टीव्ही गेमची कॅसेट असली की नकली हे ठरवायचं असलं, की लोक सीताबर्डीवरच्या माझ्या दुकानाचा लाकडी जिना चढत. मी कॅसेट हातावर तोलून बघे, कानाशी हलवे, स्क्रू काढे आणि निकाल देई. त्या निकालावर अपील नव्हतं. आता दुकान नाही, मी शहराबाहेर बेसाला मुलाकडे राहतो, आणि ज्या गोष्टीचा मला इतका तोरा होता ती समजावून सांगायला घरात एक चालू यंत्रसुद्धा शिल्लक नाही. म्हणून इथे सांगतो.

दुकान मुळात रेडिओ दुरुस्तीचं. महाल भागातल्या आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या सगळे कारकून. हाताला कथलाचा वास लागलेला मी पहिलाच. रेडिओ गेले, टीव्ही आले, आणि टीव्हीच्या मागोमाग कुणाच्या मुंबईच्या नातेवाइकाने, कुणाच्या आखातातल्या भावाने आणलेले टीव्ही गेम आले. एक चपटं यंत्र, त्याची वायर टीव्हीला जोडायची, हातात एक दांडी आणि तिच्यावर एक बटण. यंत्रात जी वस्तू खोचली की गेम सुरू होई तिला सगळे कॅसेट म्हणत. गाण्याच्या कॅसेटीसारखी तिच्यात रिबीन नसे. पत्त्यांच्या कॅटाहून थोडी मोठी प्लॅस्टिकची डबी, आत बोटभर हिरवी पट्टी, आणि पट्टीवर एक काळी चिप. सगळा गेम त्या चिपेत.

असली कॅसेटीतली चिप कारखान्यातच भरलेली असे. तिच्यात जे आहे ते कायमचं. नकली करणाऱ्याकडे कारखाना कुठला? तो वेगळी चिप वापरी. तिच्या डोक्यावर शेंगदाण्याएवढी काचेची खिडकी असते. एका खास दिव्याखाली ती चिप वीस मिनिटं ठेवली की खिडकीतून उजेड आत जातो आणि आतलं सगळं पुसलं जातं. मग मशीनवर तिच्यात नवीन भरता येतं. भरलेलं पुन्हा पुसलं जाऊ नये म्हणून खिडकीवर कागदाची पट्टी चिकटवायची. तेव्हा डबी उघडली आणि आत कागद चिकटवलेली चिप दिसली की समजायचं, माल नकली. एवढं कुणालाही जमेल. माझी खरी विद्या त्याच्या पुढची होती.

लोक नकली निघालेल्या कॅसेटी रागाने माझ्याच टेबलावर टाकून जात. मी त्या जपून ठेवू लागलो. संत्राबर्फीच्या रिकाम्या डब्यांत माझ्याकडे साठ-सत्तर कॅसेटी जमल्या, आणि त्या मी गेमच्या नावाने लावल्या नव्हत्या. त्या करणाऱ्याच्या हाताने लावल्या होत्या. कथलाचे टाके बघून मला माणूस दिसायचा. एक होता घाईवाला, त्याचा प्रत्येक टाका एका बाजूला घसरलेला. एक ढिसाळ, चार टाके आणि पाचवा विसरलेला. ही माणसं मुंबईत होती की हाँगकाँगात मला ठाऊक नव्हतं, पण त्यांची मला ओळख होती.

गिऱ्हाइकं काय एकेक. धरमपेठेतले एक वकीलसाहेब जावयाने आखातातून आणलेली कॅसेट घेऊन आले. सोबत सासूबाई. कॅसेट चालत नव्हती, आणि जावई बाहेर गाडीत बसला होता. मी उघडली तर घाईवाल्याचा हात. वकीलसाहेब म्हणाले, "मनोहरभाऊ, साफ सांगा, माल फॉरेनचा आहे का नाही?" मी म्हटलं, "शंभर टक्के फॉरेनचा." खोटं बोललो नाही, नकलीसुद्धा तिकडेच झाली होती. टाका नीट लावून दिला, कॅसेट चालू झाली आणि सासूबाईंनी गाडीकडे बघत पदर सारखा केला. दुसरे एक रेल्वेतले गृहस्थ 'बत्तीस खेळ' लिहिलेली कॅसेट घेऊन आले आणि म्हणाले, यात चारच आहेत, बाकी अठ्ठावीस काढून द्या. ते कुठे अडकले आहेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. रंग बदलून तेच चार खेळ आठ-आठ वेळा घातलेत, हे त्यांना पटायला दोन चहा लागले.

या सगळ्या गर्दीत एक हात असा होता की तो दिसला की मी चष्मा पुसून घ्यायचो. त्याचं नाव मी ठेवलं होतं सोनार. त्याचे टाके मोहरीच्या दाण्यासारखे, सगळे एका मापाचे. चिपेचे पाय एका रेषेत वाकवलेले. खिडकीवरची पट्टी इतर लोक हाताला येईल त्या कागदाची, दाताने फाडल्यासारखी लावत. सोनार आधी चकाकत्या वर्खाचा तुकडा लावी, त्यावर बारीक चौकटीच्या कागदाची पट्टी, कडा कात्रीने कापलेल्या, आणि तिच्यावर निबाच्या पेनाने मराठी आकडा. फक्त आकडा, म्हणजे एक, दोन, पाच. हा सोनार परदेशातला नव्हता. तो मराठी अंक लिहिणारा होता, इथलाच कुणीतरी होता, आणि त्याची प्रत्येक कॅसेट उघडताना मला वाटायचं की या माणसाला एकदा भेटावं आणि त्याच्या हाताखाली चार दिवस बसावं. मी माझ्या धंद्यात कुणाला मानलं नाही, याला मानलं.

आणि याच माणसाला मी बुडवायला निघालो होतो.

झालं असं. बर्डीवरच मदनसेठचं खेळण्यांचं दुकान होतं. मुंबईहून असली कॅसेटी आणायचा आणि भाड्याने द्यायचा. एका एप्रिलात तो तीन डब्या घेऊन जिना चढून आला. घामाघूम झाला होता.

"मनोहरभाऊ, जरा देखो. डब्बा माझा, शिक्का माझा. पण गेम अटकून राहिला. अंदर का माल कोणाचा आहे?"

मी तिन्ही उघडल्या. भाड्याने नेणाऱ्यांनी आतली असली हिरवी पट्टी, चिपेसकट, काढून घेऊन तिच्या जागी नकली बसवून डबी परत केली होती. आणि तिन्ही पट्ट्या सोनाराच्या. कुणा उपटसुंभाने स्क्रू बसवताना एकेक टाका तोडला होता म्हणून त्या अडकत होत्या. एरवी मदनसेठला जन्मात कळलं नसतं.

मला तेव्हाच गप्प बसता आलं असतं. पण समोरचा माणूस तोंडाकडे बघतोय म्हटल्यावर माझी जीभ आवरत नसे. मी तिन्ही पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि सुरू झालो. "सेठ, हे बाजारातल्या माणसाचं काम नाही. हा कागद पाहा, चौकटीचा. प्रयोगाच्या वहीतला आहे. हा वर्ख पाहा, हा लॅबमधे येते. अन् अशी चिप भरायचं मशीन नागपुरात आहेच किती जागी? हा माणूस इंजिनिअरिंग कॉलेजात बसून राहिला. पोट्टा नाही, वयाचा आहे. आकडा निबानं लिहिते."

मदनसेठ माझ्याकडे बघतच राहिला. "मान गये," तो म्हणाला. मी खूश झालो. त्या दिवशी जेवताना मी हे सगळं बायकोला पुन्हा रंगवून सांगितलं. सुमन म्हणाली, "मंग आता त्या माणसाचं काय होईन?" तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका कॉलेजातून मला पत्र आलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. मदनसेठने तक्रार केली होती. त्यावर लॅबची झडती झाली आणि तिथले मेकॅनिक शामराव भोयर यांच्या खणात एक कॅसेट सापडली. चौकशी समितीला तज्ज्ञ हवा होता, म्हणून मी.

मी गेलो. टेबलापलीकडे प्राचार्य, विभागप्रमुख आणि ऑफिसातले एक गृहस्थ. दाराजवळच्या खुर्चीवर पांढऱ्या टेरेलिनच्या सदऱ्यातला, पन्नाशी ओलांडलेला एक सडपातळ माणूस बसला होता. खिशाला निबाचं पेन. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. नखं स्वच्छ कापलेली, बोटांच्या टोकांना जुने बारीक चटके. सोनार.

त्याने मला नमस्कार केला. मला तो घेववला नाही.

प्राचार्य म्हणाले, "मशीन कॉलेजचं आहे. त्यावर बाजारातल्या गेमा भरून विकल्या असं निघालं तर यांची नोकरी जाईल, पेन्शनही जाईल. दीड वर्ष राहिलंय यांचं. त्यामुळे जे सांगाल ते नीट तपासून सांगा. सगळं तुमच्या रिपोर्टवर आहे." मदनसेठच्या तीन पट्ट्या आणि खणातली चौथी कॅसेट लिफाफ्यात घालून मला दिली. पंधरा दिवसांची मुदत. शामराव त्या लिफाफ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मी चौथी कॅसेट यंत्रात खोचली. मूळ गेम माझ्या ओळखीचा होता. खाली तोफ, वरून विमानं येतात, त्यांना पाडायचं. त्याच्या नकला मी दहा पाहिल्या होत्या. पण पडद्यावर विमानं नव्हती. खाली हिरव्या ठिपक्यांचं शेत होतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक माणूस उभा होता, डोक्याला पागोटं, हातात गोफण. आणि वरून, काळसर जंगलाच्या पट्ट्यातून, रानडुकरं उतरत होती. आठ ठिपके रुंद आणि सात उंच एवढ्यात काय चित्र काढणार? पण ते डुक्कर होतं. खांदा उंच, मागचा भाग उतरता, थुंतर, ते लांबट तोंड, जमिनीला लागलेलं. बटण दाबलं की माणूस हात फिरवी आणि दगड जाई. दगड लागला की डुक्कर मरत नव्हतं, मागे वळून पळत सुटे. ज्याने हे केलं त्याला पीक राखायचं होतं, जनावर मारायचं नव्हतं. मी पन्नाशीच्या घरातला माणूस, भर दुपारी शटर अर्धं ओढून डुकरं हाकलत बसलो.

एक गोष्ट मात्र मला खटकली. गेम फार धिमा होता. आणि दांडी नुसती हलली तर माणूस जागचा हलत नसे, नीट दाबून धरली तरच सरके. सोनाराच्या हातून अशी कसर राहिली याचं मला नवल वाटलं. मी वहीत लिहून ठेवलं: वेग कमी, दांडीला प्रतिसाद उशिरा, दोष.

आता रिपोर्ट. खरं लिहायचं तर चार ओळींत माणूस संपत होता. खोटं लिहायचं तर कुणीही त्या पट्ट्या टीव्हीला जोडून बघितल्या असत्या. मी दोन दिवस नुसता बसलो. लिफाफा टेबलावर, मी खुर्चीत. गिऱ्हाईक आलं की म्हणायचो, उद्या या.

तिसऱ्या दिवशी गच्चीवर सुमनने मुगवड्या वाळत घातल्या होत्या. वर काही राहिलं होतं ते आणायला मी गेलो आणि पाय पोळले तसा जागीच थांबलो. तो खास दिवा जे वीस मिनिटांत करतो तेच ऊनही करतं, फक्त त्याला आठवडाभर लागतो, हे मी वाचलेलं होतं. आणि हे ऊन साधंसुधं नव्हतं, मे महिन्यातलं नागपूरचं होतं.

मी चारही चिपांच्या खिडक्यांवरच्या कागदी पट्ट्या सोलल्या. तीन सोलताना काही वाटलं नाही. चौथीची सोलताना हात थांबला. असं काम मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच हाताने पुसायचं होतं. मग मनाशी म्हटलं, इतका टापटिपीचा माणूस, याने सगळं कुठेतरी लिहून ठेवलंच असेल. नोकरी वाचली की पुन्हा भरेल. हे स्वतःला सांगितलं आणि पट्टी ओढली.

सुमन वर आली. वड्यांच्या ताटाशेजारी दुसऱ्या ताटात चार चिपा बघून म्हणाली, "हे काय वाळवून राहिले जी?"

"पाप," मी म्हणालो.

"कोनाचं?"

"माझंच."

कावळा चोच मारेल म्हणून तिने दोन्ही ताटांवर जुनी मच्छरदाणी तेवढी टाकली. आठ दिवस रोज सकाळी तिने वड्यांबरोबर चिपा गच्चीत नेल्या आणि संध्याकाळी बरोबरच खाली आणल्या. आठव्या दिवशी मी चौथी यंत्रात खोचली. पडद्यावर नुसत्या करड्या रेघा.

समितीपुढे टीव्ही आणि यंत्र मांडलेलं होतं. एकेक करून मी चारही लावून दाखवल्या. रेघा, रेघा, रेघा, रेघा. विभागप्रमुखांनी चिपा हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, कोऱ्या आहेत, विद्यार्थ्यांच्या सरावाला अशा आपल्याकडे ढिगाने असतात. प्राचार्यांनी मला विचारलं, "मग सेठजींना तुम्ही सांगितलं होतं ते?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "नकली ओळखण्यात माझी चूक झाली."

आयुष्यात हे वाक्य मी एकदाच उच्चारलं आहे. त्यावर चौकशी मिटली आणि शामरावांची नोकरी वाचली. मदनसेठ कोपऱ्यात बसला होता. तो मूर्ख नव्हता. त्याच्या दुकानात त्या तिन्ही चालल्या होत्या, अडकत का होईना. बाहेर व्हरांड्यात त्याने मला गाठलं आणि शांतपणे विचारलं, "मनोहरभाऊ, तुमची नजर गेली का नियत?" त्याचा असली माल गेला होता, त्याचा काही दोष नव्हता, आणि मी त्याला भर समितीत खोटं पाडलं होतं. तो पुन्हा कधी माझा जिना चढला नाही. बर्डीवर त्याने सांगितलं की मनोहरला आता काही दिसत नाही, आणि माझ्याकडे कॅसेटी येणं हळूहळू बंद झालं. ते मी सोसलं, पण मदनसेठची ती नजर अजून सोसवत नाही.

शामराव जिन्याशी उभे होते. त्यांनी आभार मानले नाहीत. विचारलं, "पट्टी तुम्ही काढली?"

"हाव."

"उन्हात ठेवली? किती दिवस?"

"आठ."

त्यांनी मान हलवली. "ह्या उन्हात पाच पुरले असते," ते म्हणाले. कारागिराने कारागिराला सांगावं तसं. मग विचारलं, "ते चौथी मले वापस भेटन का?"

मी म्हटलं, रविवारी घरी आणून देतो.

शामराव नागपूरजवळ कन्हानला राहत. रविवारी सकाळी मी बसने गेलो. दोन खोल्या, पुढे निंब, आत लोखंडी पलंगावर तक्क्याला टेकून बसलेले त्यांचे वडील. समोर स्टुलावर टीव्ही. म्हाताऱ्याच्या मांडीवर टीव्ही गेमची दांडी होती आणि तिच्यावर त्यांचा उजवा हात. तो हात सारखा थरथरत होता, आणि बोटं आत वळू लागली होती.

मी उभ्याउभ्याच समजलो. वहीत दोष म्हणून काय लिहिलं होतं मी? वेग कमी. दांडीला प्रतिसाद उशिरा.

शामराव सांगू लागले. वडिलांची शेती पारशिवनीकडे, जंगलाला लागून. रात्र रात्र मचाणावर बसून डुकरं हाकलण्यात त्यांची हयात गेली. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा नाहीतर बोटं कायमची वळतील. दाबायला रबरी चेंडू दिला, तो म्हाताऱ्याने अंगणात भिरकावला. शामरावांनी कॉलेजातल्या पोरांसाठी काही गेम करून दिले होते, खराब झालेली कॅसेट बदलायची आहे असं पोरांनी सांगितलं म्हणून. त्यातलाच एक घरी आणून लावला, तर म्हातारा म्हणाला, विमानं माझ्या वावरात येत नाहीत. तेव्हा शामराव कागदावर चौकटी मोजून डुक्कर काढायला बसले. सहा महिने लागले. हाताची थरथर सोडून देणारी दांडी जमवायलाच दोन महिने गेले.

"मंग दोन वर्षं रोज सकाळी दोन घंटे खेळले बाबा. हात सरळ झाला होता. चहाचा कप धरत होते. चिपेचा एक पाय सैल झाला म्हणून टाका मारायले कॉलेजात नेली, अन् त्याच दिवशी झडती झाली. आता महिना होत आला."

मी म्हणालो, "पण तुमच्याजवळ लिहून असनच ना. आकडे, चित्रं. मी तेच धरून चाललो होतो."

शामरावांनी खाली बघितलं. "होतं ना. चार वह्या होत्या. घराची झडती घेणार हायेत म्हणून चपराशी सांगून गेला, त्याच दिवशी चुलीत घातल्या. म्हटलं, चिप तं मनोहरभाऊजवळ आहे. जानकार माणूस आहे, जपून ठेवन."

माझ्या भरवशावर त्यांनी वह्या जाळल्या, आणि वह्यांच्या भरवशावर मी चिप पुसली.

एवढ्यात म्हाताऱ्याने पलंगावरून विचारलं, "आनली का गा कॅसेट? लाव ना." बोलणं जड, पण शब्द कळत होते. शामरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि कॅसेट खोचली. का खोचली कोण जाणे. रेघा आल्या. म्हाताऱ्याने दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"वावर कुठी गेलं?"

"उन्हानं गेलं, बाबा," शामराव म्हणाले.

"त्यांनी नाही घालवलं बाबा, मी घालवलं," मी म्हणालो. "मी ठेवली उन्हात. त्यांची नोकरी वाचवायले ठेवली, पण ठेवली मीच."

म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. कुठल्या गावचा माणूस आहे असं बघतात तसं.

"उन्हानंच गेलं ना?"

"हाव."

"मंग दुबार पेरा लागते. तोंड पाडून काहून बसले तुम्ही?"

शामराव म्हणाले, "बाबा, पेरू काय? वह्या जाळल्या मी. बीच नाही राह्यलं."

"तुह्याजवळ नसन," म्हातारा म्हणाला. त्याने डोळे मिटले आणि वळलेल्या बोटांनी गादीवर एक आडवी रेघ ओढली. "पयलं डुक्कर डाव्या धुऱ्यावरून येते. एकटंच. त्याच्या मागं दोन, मधातून, संगं. मंग जरा दम खाते. मंग उजव्या अंगानं ते मोठं येते, ते पयल्या गोट्यानं वापस जात नाही, दोन लागते. मंग तीन. डावं, डावं, उजवं. लिव ना गा, पाहून काय राह्यला?"

शामराव उठले. कागद आणला, खिशातलं पेन काढलं आणि पलंगाच्या कडेला बसले. म्हातारा डोळे मिटून सांगत होता, कोण कुठून येतं, किती थांबतं, कुठल्या ओळीतलं पीक आधी खातं. दोन वर्षं रोज राखलेलं वावर त्याला तोंडपाठ होतं. मध्येच थांबून त्याने माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, तुमाले काय येते? मी म्हटलं, यंत्रं जोडता येतात. तर म्हणाला, मंग जोडा.

कॉलेजच्या मशीनला आता शामराव हात लावणार नव्हते. चिप भरायचं यंत्र मी माझ्या दुकानात जोडलं, एकेक खटका दाबून एकेक आकडा भरायचं. दर रविवारी कागद घेऊन शामराव येत. मी खटके दाबी, ते वाचून दाखवत. ज्यावर हे सगळं चढवायचं तो मूळ विमानांचा गेम माझ्या बर्फीच्या डब्यात होताच. पोळ्याच्या सणाआधी डुकरं परत आली, आणि दिवाळीला म्हाताऱ्याने मला स्वतःच्या हाताने, थोडा सांडत का होईना, चहाचा कप दिला.

शामरावांचं मात्र शेवटपर्यंत एक म्हणणं होतं. चौथ्या फेरीत जे ठेंगणं, खोडकर डुक्कर माणसाच्या मागून येतं, ते आधीच्या गेममध्ये कधीच नव्हतं. म्हाताऱ्याला विचारलं की तो पडद्यावरची गोफण फिरवत म्हणे, "होतं. तुह्यं ध्यान नव्हतं."